दिपोटींसाठी सारवलेली शाळा

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. चार इयत्ता आणि दोन गुरुजी. मी चौथीत गेले त्या साली सरकारात काटकसर सुरू झाली म्हणे. धाकट्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. काटकसर म्हणजे काय, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कालवणात पानी वाढवतो ना गो आपन, तसं." मग मला कोडं पडलं, गुरुजींत पाणी वाढवणार कसं?

ते लवकरच कळलं. थोरले गुरुजी तिसरी-चौथीला घेऊन बसायचे, दुसरी एका मुलाकडे आणि पहिली माझ्याकडे. मला ते फार आवडायचं. चिंचोके मांडून बेरीज, धुळीत बोट धरून अक्षरं. कालपर्यंत येणारं अक्षर पोराला आज का येत नाही, याचा विचार मी गुरांमागे फिरतानाही करायची. माझा स्वतःचा अभ्यास मात्र मागं पडत होता आणि त्याची धाकधूक असायची.

दुसरे गुरुजी परत मिळाले तर वाडीत पाचवी सुरू होणार होती. मुलगे पोलादपुरात नाहीतर मुंबईला काका-मामाकडे राहून शिकत. मुलींना कोण पाठवतंय? वाडीत पाचवी नाही झाली तर माझी शाळा चौथीलाच संपणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

गावानं अर्ज केला. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येऊन बघून जाणार असं कळलं आणि वाडी कामाला लागली. आमच्याकडे पाहुणा आला की घरातली ओढगस्त दिसू द्यायची नाही अशी रीत. शेजारची ताटं आणायची, चांगलं पांघरूण मागून आणायचं. तेच शाळेचं झालं. मंडप सारवला, रांगोळी काढली. मुंबईला गोदीत असलेल्या एकाच्या घरचं घड्याळ खांबाला टांगलं. ज्या पोरांना सदरे नव्हते त्यांना दुसऱ्यांचे चढवले.

गुरुजी पाटलांना म्हणाले, "पाटील, साहेबांना अडचण दिसायला हवी. शाळा आहे तशीच राहू द्या."

"गुरुजी, तुमी घाटावरचे. पावन्याला काय फाटकं घोंगडं दाखवाचं? वाडीची अब्रू हाय!"

मला साहेबांची भीती वाटत होती आणि त्यांना बघायची उत्सुकताही तेवढीच. आले ते घामाघूम, एका हातात बूट घेऊन. चढणीवर तळ निघाला होता. स्वतःच हसत होते. माझ्या पहिलीसमोर येऊन बसले. पोरांनी चिंचोक्यांवर बेरजा धडाधड केल्या. साहेबांनी सगळ्यांत लहान मुलीला विचारलं, "तुला कोण शिकवतं, बाळ?"

"ही ताय."

"आणि गुरुजी?"

"ते नाय शिकवत. ते मोठ्यांचे हायत."

सगळे खदखदून हसले, पाटील सर्वांत मोठ्यानं. अर्जात जे सांगायचं होतं ते त्या पोरीनं सांगून टाकलं होतं. पण हसण्यात ते वाहून गेलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

मग कोंबडी-वड्यांचं जेवण. हात धुताना साहेब मनापासून म्हणाले, "एका शिक्षकावर इतकी छान शाळा मी तालुक्यात पाहिली नाही. इथं दुसरा कशाला हवा? जिथं चालत नाही तिथं देऊ." पाटलांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका म्हणत होत्या, "पाटलानं कोंबडी घालून मास्तर घालवला!"

त्या साहेबांचा मला राग आला नाही. अजूनही येत नाही. त्यांनी बघितलं ते खरंच होतं. आम्ही पोरांनी ते रोज चालवलेलंच होतं.

चौथी झाली आणि माझं नाव शाळेच्या पटावरून उतरलं. गुरुजी वडलांना म्हणाले, "तिला येऊ द्या, पहिली तिच्याशिवाय अडते." मी जात राहिले. गुरुजींचं जेवण वाडीत घरोघर पाळीनं असायचं. आमच्याकडे पाळी आली की जेवून ते पडवीत बसत आणि पाचवीचं पुस्तक मला शिकवत. आज मी हे चार शब्द लिहिते आहे ते त्या पडवीच्या जोरावर.

पुढच्या साली तेच साहेब पुन्हा यायचे होते. या खेपेला सारवायचं नाही, असं गुरुजींनी पाटलांकडून कबूल करून घेतलं. मला म्हणाले, "उद्या तू येऊ नकोस."

"माझं काय चुकलं, गुरुजी?"

"काही नाही. तू नसलीस की काय होतं ते त्यांना पाहू दे."

सकाळी मी देवळात डोकावून आले. साहेबांच्या खुर्चीपुरती जागा तेवढी कुणीतरी सारवली होती. पाटलीणबाईंना राहवलं नसणार. घरी येऊन तांदूळ निवडायला बसले. आधी सगळं शांत. मग देवळाकडून गलका उठला. कोणी भेकत होतं, कोणी शाळेची घंटा बडवत होतं. माझा हात सुपात थांबला. मी उठले तशी आई म्हणाली, "बस गुमान. वरडू दे त्यांना."

दुसरे गुरुजी मिळाले, पाचवीही सुरू झाली. तोवर माझं लग्न ठरलं होतं. त्या पाचवीत माझी धाकटी बहीण बसली.

लग्नानंतर मालकांच्या नोकरीपायी इथं जबलपूरला आले. आमच्या घरासमोर शाळा आहे. दुपारी पोरांचा गलका वाढला की शेजारीण कपाळाला आठ्या घालून खिडकी लावून घेते. मी गॅलरीत जाते आणि वाकून बघते, वर्गावर कोणी मोठं माणूस आहे ना.