घड्याळबाईच्या कुकीज

इमारतीत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं छोटं घड्याळ ती दोरीला बांधून गळ्यात घालायची, जिना उतरतानासुद्धा. लोकांना वाटे, बाई मोठी शिस्तीची. शिस्त कसली, धास्ती होती ती. चार महिन्यांपूर्वी ती तापातून उठली, तेव्हापासून तिला वासच येईना. नाक जागच्या जागी होतं, शिंकत होतं, गळत होतं, पण काम करत नव्हतं. आणि हिचा धंदा काय, तर ओट्स आणि चॉकलेटच्या कुकीज घरी भाजून विकायच्या.

तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. जिला वास येत नाही तिच्या हातचं विकत कोण घेणार, हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. मग सगळा कारभार घड्याळावर आणि बोटांवर आला. बारा मिनिटं. कड घट्ट लागली पाहिजे, मध्ये बोट किंचित रुतलं पाहिजे. पण ओट्सची कुकी मुळातच तांबूस, त्यात चॉकलेटचे काळे ठिपके. भाजणं संपून करपणं कुठे सुरू झालं ते नजरेला चटकन कळत नाही. आणि बटर खवट झालंय का, ते तर नुसतं बघून कळतच नाही.

त्यात सासूबाई. ट्रे ओव्हनमध्ये गेला की या दारात हजर. "काढ आता." नाहीतर, "हे बटर नको, दुसरं घे." घड्याळबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण ती मुकाट्याने ऐकायची, कारण वाद घातला असता तर बिंग फुटलं असतं.

त्या दिवशी तीन वाजता कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाची मालकीण येणार होती. पसंत पडलं तर दर आठवड्याला दोनशे कुकीज. या ऑर्डरसाठी हिने वर्षभर दुकानाचे उंबरठे झिजवले होते. आणि नेमक्या त्याच दिवशी सासूबाई दारात आल्या नाहीत. सर्दीने बेजार होऊन त्या खोलीत पांघरूण घेऊन पडल्या होत्या.

खरं तर हिला मोकळं वाटायला हवं होतं. पण बटर आणि साखर फेसता फेसताच तिच्या डोक्यात भुंगा सुरू झाला. हे पाकीट कधी उघडलं होतं? परवा, की गेल्या आठवड्यात? ओट्सचा डबा खिडकीत उन्हात तर राहिला नव्हता? पहिला ट्रे निघाल्यावर तिने एक कुकी खाऊन पाहिली. गोड लागलं, थोडं खारट लागलं, बाकी तोंडात नुसता लगदा. दुसरा ट्रे तिने घड्याळ वाजताच काढला, कच्चा वाटला म्हणून परत आत सारला, घाबरून परत काढला. शेवटी बशी घेऊन ती सासूबाईंच्या खोलीत गेली.

"आई, जरा वास घेऊन बघता?"

सासूबाई उठून बसल्या. "आज मला कुठला येतोय? नाक पार चोंदलंय."

"मला चार महिने येत नाहीये," ती बोलून गेली.

"ठाऊक आहे. दूध खाली लागलं होतं, घरभर वास सुटला होता, आणि तू शेगडीशेजारी शांतपणे भांडी पुसत होतीस. तेव्हापासून येऊन उभी राहते मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे."

घड्याळबाई पलंगाच्या कडेवर बसली. चार महिने जिला मनातल्या मनात लाखोली वाहिली, तिनेच धंदा सांभाळला होता. तिला लाज वाटली, रडूही आलं. पण रडायला सवड कुठे होती? घंटी वाजली. मालकीण पंधरा मिनिटं लवकर आली होती.

"बशी पुढे कर आणि गप्प राहा," सासूबाई म्हणाल्या. "चांगल्याच असतील."

"आणि नसल्या तर?"

घंटी पुन्हा वाजली.

मालकीणबाईंनी बशीतली कुकी उचलली, तशी घड्याळबाई म्हणाली, "थांबा. आधी वास घ्या. मला चार महिने वास येत नाही. बटर खवट आहे का, तळ करपलाय का, मला सांगता येणार नाही." बोलून झालं आणि तिला वाटलं, संपलं, गेली ऑर्डर.

मालकीणबाईंनी कुकी उलटी करून पाहिली, हुंगली, मोडली, खाल्ली. मग दुसऱ्या ट्रेमधली घेतली. "पहिल्या छान आहेत. या खालून करपल्यात." त्यांनी तुकडा बशीत ठेवला. "मग इतके दिवस चालवलंत कसं?"

"मी हुंगायचे," मागून आवाज आला. सासूबाई पांघरूण लपेटून उभ्या होत्या.

"आणि तुम्हाला सर्दी झाली की?"

"त्या दिवशी ओव्हन बंद," सासूबाई म्हणाल्या आणि सणसणीत शिंकल्या.

मालकीणबाई हसल्या नाहीत. "शंभरपासून सुरू करू, येत्या सोमवारी. पण तोवर यांचं नाक मोकळं झालं नाही तर मला फोन करायचा. कुकीज पाठवायच्या नाहीत."

सोमवारला चार दिवस होते. आजवर घड्याळबाई रोज सकाळी उठली की कॉफीच्या डब्यात नाक खुपसून बघायची, आज तरी काही येतंय का. त्या चार दिवसांत ते तिला आठवलंही नाही. ती व्हॅनिलाची बाटली घेऊन सासूबाईंच्या खोलीत जायची, झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरायची आणि श्वास रोखून विचारायची, "आई, आला का?"