मंगलची राखण

जयवंतने मोटारसायकल स्टँडला लावली की त्या खटक्यावरून त्याच्या बायकोला, मंगलला, सगळं कळायचं. खटका एकदा वाजला, तर माणूस कोरा, न पिता आलेला. दोनदा वाजला, म्हणजे पहिल्यांदा पाय चुकला, तर चूल आवरती घ्यायची, पोराला, रत्नदीपला, शेजारी कुशाबाईंकडे अभ्यासाला धाडायचं, आणि आपण दाराच्या आत पण दारापासून दोन हात लांब उभं राहायचं.

निरगुडसरची ती अंगणवाडी सेविका. गावातली निम्मी तरणी पोरं तिच्यासमोर मांडी घालून बसलेली, तिच्या काट्यावर वजन करून घेतलेली. जयवंतचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान. तांब्याची तार त्याच्या बोटांतून अशी सरसर उतरायची, की बघणाऱ्याने चहा विसरावा. मंचरपासून नारायणगावापर्यंतचे बागायतदार विहिरीवरची मोटार जळाली की दुसऱ्या कुणाकडे जात नसत. दारू पीत होता तेव्हाही जात नसत. मोटार द्यायची सकाळी, न्यायचीही सकाळीच, तो कोरा असताना, एवढंच ते पाळायचे.

विहारात वंदनेला दोघं शेजारी उभी राहत. पंचशील म्हणताना जयवंतचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पण पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की तो आवाज थांबायचा. तो चोर नव्हता, खोटा नव्हता, म्हणून जे पाळत नाही ते म्हणत नव्हता. मंगल मान खाली घालून त्याच्या वाटणीचंही आपणच म्हणायची. आणि अकरा वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला तो आवाज थांबला नाही. पाचवं शील त्याने शेवटपर्यंत म्हटलं. त्या दिवसापासून तो प्यायला नाही. का सोडली ते त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. विचारलं तर धागा तुटेल, असं तिला वाटलं.

विचारलं नाही, पण राखण सोडली नाही. त्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी ती हुंगायची. वास मारायला चघळतात त्या बडीशेपेचा एक दाणा खिशात सापडला, तरी ती शर्ट पुन्हा हुंगायची. अकरा वर्षं तिचं नाक जागं होतं, आणि ही राखण घरात कुणाला दिसत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात रत्नदीपचं लग्न झालं. मुलगी स्वप्ना, भोसरीची, शिकलेली, चाकणला कंपनीच्या ऑफिसात. स्थळ जुळवताना जो कागद पाठवला होता, त्यावर जयवंतनेच सांगून लिहून घेतलं होतं: घर निर्व्यसनी. मंगलने तो कागद दोनदा वाचला. खोटं नव्हतंच ते. पण खरंही आताआताचं होतं. कुणी काही बोललं नाही, आणि सून घरात आली ती हे ठाऊक नसतानाच.

फेब्रुवारीत एका रात्रीच्या जेवणाला स्वप्नाने मोबाईल पुढे धरला. "आई, पप्पा, हा शनिवार-रविवार मोकळा ठेवा. लग्नाला यंदा पंचवीस वर्षं होतायत. नारायणगावच्या पुढं द्राक्षाचा मळा आहे, तिथं राहायचं. सकाळी मळ्यात फिरवतात, आणि त्यांच्याकडची वाईन चाखायला देतात."

रत्नदीप ताटात बघत राहिला.

"आमी काय नवीन जोडपं हाये का गं?" मंगल कशीबशी हसली.

"म्हणूनच तर. कधी कुठं गेलात दोघं? पप्पा तर फक्त मोटारीला घेऊन फिरतात."

"मोटार भांडत न्हाई," जयवंत म्हणाला, आणि स्वप्ना खळखळून हसली. मग तो ताटातच हात धूत म्हणाला, "जाऊ की. मी काय ल्हान पोर हाये?"

नंतर भांड्यांपाशी रत्नदीप हळूच येऊन उभा राहिला. "आई, आता सांगितलं तर स्वप्ना म्हणंल, फसवलं मला."

"सांगू नको. दोन दिस तर हायेत," मंगल म्हणाली.

शनिवारी दुपारी रत्नदीपने आपल्या जुन्या गाडीतून त्यांना गेटवर सोडलं आणि तो परतला. मळा डोंगराच्या पायथ्याला होता. रांगा अशा सरळ, की जमिनीवर कुणी फणी फिरवली असावी. घड काळे, दाणे बारीक, खायच्या द्राक्षापेक्षा जाड सालीचे. जयवंतने एक दाणा तोंडात टाकला. मंगल त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. तो द्राक्षाचा दाणा होता, नुसता दाणा, पण तो गिळेपर्यंत तिने पुढचं पाऊल उचललं नाही.

खोली दाखवायला स्वराज नावाचा तरुण आला. तिथला व्यवस्थापक, पण बोलणं गावचंच. "काका, काकू, पंचवीस वर्षं म्हंजे कमाल हाये राव!" त्याने दार उघडलं. पांढरी चादर, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि टेबलावर लाल फीत बांधलेली बाटली, शेजारी दोन पेले.

जयवंत बाटलीकडे बघत उभा राहिला. फार वेळ नाही, एक श्वास घेऊन सोडेपर्यंत. मग तो पाय धुवायला आत गेला.

मंगलने बाटली उचलली आणि पळतच बाहेर जाऊन स्वराजच्या हातात कोंबली. "भाऊ, हे घिऊन जा. आमच्यात चालत न्हाई."

"काकू, ही दारू न्हाई. द्राक्षाचा रस समजा."

"मंग तो रस तुमीच प्या. पण घिऊन जा."

तो हसला. लाजतात बिचारी, असं त्याला वाटलं असावं. परत आली तर जयवंत पलंगाच्या काठावर बसला होता. रिकाम्या टेबलाकडे त्याने पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. दोन पेले तेवढे तिथेच उभे होते.

ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. ऊन कलू लागलं होतं, पाठीमागच्या नारायणगडाची सावली खाली उतरत होती. किती तरी दिवसांनी दोघं कामाशिवाय बसली होती, आणि कामाशिवाय कसं बसतात ते दोघांनाही येत नव्हतं. जयवंतने तिच्या हातावर आपला हात ठेवला. तारेने चिरलेली, खरखरीत बोटं.

"लग्नात बी तुझा हात असाच कापत व्हता," तो म्हणाला.

"तवा थंडी व्हती."

"वैशाखात?"

ती हसली. अगदी मनापासून हसली, आणि एक क्षणभर राखण सुटली. वाटलं, आपण उगाच भितो. हा माणूस अकरा वर्षं उभा आहे, आपणच त्याला सारखं पडताना बघतोय. तिने डोकं त्याच्या खांद्याला टेकलं.

तेवढ्यात स्वराज धावत आला. "काका, तुमी निरगुडसरचे मोटारवाले जयवंत ना? आमच्या आजोबांची मोटार तुमीच भरली व्हती! जरा येता का? टाकीतली वाईन दुसऱ्या टाकीत घ्यायचा पंप बंद पडलाय. नुसता गुरगुरतोय. आमचा वायरमन उद्या येणार, आन् माल आजच हलवायचाय."

जयवंत उठला. आपलं नाव ऐकून जसा कुणीही कारागीर उठेल तसा. "गुरगुरतोय म्हंजे एक फेज जात आसंल, ईज पुरी पोचत न्हाई. बघतो."

"मी बी येते," मंगल म्हणाली.

"काकू, आत सगळं ओलं हाये, पाय घसरंल. तुमी बसा."

"धा मिंटात आलो," जयवंत म्हणाला, आणि पत्र्याच्या त्या उंच इमारतीत दिसेनासा झाला.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. मंगल उठून इमारतीच्या दारापर्यंत गेली. आतून गार, आंबूस, गोड वास आला, आणि ती जागीच थबकली. तो दारूच्या गुत्त्याचा वास नव्हता. चांगला वास होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. गुत्त्यात जाताना माणूस मान खाली घालतो. इथे पाकळ्या पसरतात, फीत बांधतात, काका म्हणतात. इथे पडायला काही लागतच नव्हतं. माणसाच्या दुप्पट उंचीच्या चकचकीत टाक्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला खाली एक तोटी, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी तिचा नवरा गुडघ्यावर बसलेला. तिला तो दिसत नव्हता. हाक मारावी तर काय म्हणून मारायची? सगळ्यांच्या देखत काय विचारायचं?

आत पंप गुरगुरला, थांबला. पुन्हा गुरगुरला. मग एकदम सुरू झाला, आणि त्याच क्षणाला माणसांचा गलका उठला, पाणी फुटावं तसा आवाज झाला, कुणीतरी "बंद कर, बंद कर!" ओरडलं. आणि सगळं शांत.

ओल्यात विजेचा धक्का वाईट, की दारू, हे मंगलला त्या वेळी सांगता आलं नसतं.

जयवंत बाहेर आला. डोक्यापासून कमरेपर्यंत भिजलेला, पांढरा शर्ट जांभळा झालेला, केसांतून थेंब गळत होते. मागून स्वराज हसत आला. "काकू, काका जादूगार हायेत! स्टार्टर घासला आन् पंप चालू. पन पायपाची पकडच निसटली, आंघोळ झाली काकांची!" त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या. त्या त्याने जयवंतच्या हातांत दिल्या. "ही आमच्याकडनं भेट. न्हाई म्हणायचं न्हाई." आणि तो आत गेला.

जयवंत उभा राहिला, दोन्ही हातांत दोन बाटल्या मानेला धरून, जशी कुणाची तरी पोरं त्याला सांभाळायला दिली असावीत. मंगल त्याच्या जवळ गेली. आणि तिच्या ध्यानात आलं, की आपलं नाक आता कामाचं नाही. त्याचा शर्ट, केस, हात, श्वास, सगळ्याला एकच वास. अकरा वर्षं ज्या एका गोष्टीवर तिने घर तोलून धरलं होतं, ती गेली. आता फक्त विचारायचं उरलं होतं. तो तिच्याकडे बघत होता. ती विचारेल म्हणून वाट बघत होता, किंवा विचारू नये म्हणून. तिला कळेना.

पदराला बांधलेला तिचा फोन वाजला. स्वप्ना. मंगलने स्पीकर लावला.

"आई! कसं वाटतंय? पप्पा काय करतायत?"

जयवंतने दोन्ही बाटल्या पायरीवर ठेवल्या आणि फोनकडे वाकला. "पोरी," तो म्हणाला, "मी दारू पीत व्हतो. लई वर्सं. तुला सांगितलं न्हाई कुणी. अकरा वर्सं झाली सोडून."

मग स्वप्नाचा आवाज आला, अगदी सपाट. "आत्ता प्यायलात का?"

जे अकरा वर्षं मंगलच्या जिभेवर येऊन परतत होतं, ते या पोरीने एका दमात विचारलं. मंगलने डोळे मिटले.

"तोंडावर उडाली. ओठावर आली. थुकलो मी, तीनदा चूळ भरली. पण पोरी, आतल्या आत कायतरी जागं झालं. माझं बोट तोटीपर्यंत गेलं व्हतं. मी मागं घेतलं." पायरीवरच्या बाटल्यांकडे त्याने पाठ केली. "हितं राहिलो तर रातच्याला मला माझी खात्री न्हाई."

"लग्नाआधी का नाही सांगितलं?"

"भ्यालो."

"त्याचं आपण घरी बोलू. मी चिडलेय, पप्पा, लपवणार नाही. आधी तिथून बाहेर पडा. आम्ही निघतो. आई, त्यांना सोडू नका." आणि फोन बंद झाला.

दोघांनी पिशवी उचलली. स्वराज मागून "काका, जेवण तरी!" म्हणत राहिला. गेटवरचा राखणदार संपत काठी टेकून उभा होता. दिवस मावळत होता, रस्त्याच्या पलीकडे कमरेच्या वर गेलेला ऊस काळा पडू लागला होता.

"पावणं, आत थांबा की," संपत म्हणाला. "परवा ह्याच उसातनं बिबट्यानं शेळी नेली. ही वेळ त्याची हाये."

जयवंतने मंगलकडे पाहिलं. तिने त्याचं मनगट धरलं, भर रस्त्यावर, परक्या माणसासमोर.

"आमी हितंच बरं हाये, भाऊ," ती म्हणाली.

संपतने मान हलवली, बिबट्या लांब राहावा म्हणून मोबाईलवर मोठ्याने गाणं लावून दिलं आणि मोबाईल गेटच्या खांबावर ठेवून तो आत बत्ती आणायला गेला.

"आजचं टळलं," जयवंत हळूच म्हणाला. "उद्याचं मला सांगता यायचं न्हाई, मंगल."

"उद्या इचारीन."

"आन् परवा?"

"परवा बी. तोंडावर इचारीन. खरं सांगायचं."

त्याने मान डोलावली. पोरांच्या गाडीचा वाटावा असा एकेक दिवा हायवेकडून येत होता आणि वळणावर न वळता सरळ निघून जात होता. पलीकडे उसाची पाती एकाच जागी सळसळली. वारा नव्हता. दोघांनीही तिकडे पाहिलं, आणि गेटाच्या आत न जाता दोघंही तिथेच उभी राहिली.