बांधावरचं आजारपण

मातीशी खोटं बोलता येत नाही, असं शेतीवर भाषणं देणारे सांगतात. दसऱ्यानंतर पिरनवाडीजवळच्या एका रानात एक जोडपं भुईमूग काढताना मला रोज दिसायचं. बाई भराभर पुढं जायची. नवरा एकेक शेंग कानाशी खुळखुळवत मागं राहायचा. तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला होता.

"आठवडाभर रजा कशी मिळाली?" मी विचारलं.

"बायको लई आजारी हाय म्हणून सांगितलं, अण्णा," तो हळूच म्हणाला.

बाईनं ते ऐकलं. हातातला वेल ठेवून ती बांधावर जाऊन बसली.

"अगं, रान वाळालंय. शेंगा तुटून मातीतच ऱ्हातील की."

"आजारी माणसाला काम सांगताय व्हय?"

उरलेलं रान त्यानं एकट्यानं काढलं. शनिवारी संध्याकाळी शेवटची सरी संपली, तेव्हा तिला बरं वाटलं.