आईच्या खोलीतला रेडिएटर

आई तीन महिन्यांसाठी नेदरलँड्सला, आमच्या न्यूनेनच्या घरी आली आणि दहाव्या दिवशी म्हणाली, "परतीचं तिकीट अलीकडचं बघ. मला ही थंडी झेपत नाही."

मला राग आला तो त्या रेडिएटरचा. आमचं घर जुनं, आणि खोल्या तापवणारे, गरम पाण्यावर चालणारे ओतीव लोखंडाचे रेडिएटर घराइतकेच जुने. खालचा हॉल उबदार असायचा, पण वर आईच्या खोलीतला रेडिएटर संध्याकाळ झाली की गार पडायचा. बाबा गेल्यावर दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे ती आली होती. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे तिचं पालुपद. आता तिला आयतं कारण मिळालं होतं, आणि ते मी तिच्याकडे राहू देणार नव्हते.

नवरा म्हणाला, "इलेक्ट्रिक हीटर आणू या ना." मी म्हटलं, "अजिबात नाही." ऑफिसात मी यंत्रांचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळते. आणि घरातली एक खोली तापत नाही म्हणजे काय!

शनिवारी रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढायला बसले. हवा फारशी निघालीच नाही, काळं पाणी मात्र बाहीवर उडालं. रविवारी पाना घेऊन खालच्या रेडिएटरांचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळले, म्हणजे गरम पाणी जास्त वर जाईल. आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, सुट्टीच्या दिवशी तरी बस जरा."

"तू बस," मी म्हटलं. ती कसली बसते! खाली जाऊन पीठ मळायला लागली. सोमवारी सकाळी खोली छान तापली. संध्याकाळी पुन्हा गार.

मग मात्र मी हट्टाला पेटले. तिच्या खोलीत आणि हॉलमध्ये नोंद ठेवणारे थर्मामीटर लावले आणि आठवडाभर फोनवर आलेख बघत राहिले. रोज साडेपाचला आईची खोली गार व्हायला लागायची आणि आठनंतर सावरायची. फक्त बुधवारी तसं झालं नव्हतं. बुधवारी आम्ही बाहेर जेवलो होतो.

मी खाली आले. आमचं स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं आहे. आई भाकऱ्या थापत होती, शेजारी आमटी उकळत होती, आणि तिच्यापासून तीन पावलांवर भिंतीला थर्मोस्टॅट होता. सगळ्या रेडिएटरांचं पाणी तापवणारा बॉयलर त्याचं ऐकतो. तव्याची ऊब लागली की त्याला वाटायचं, घर तापलं, आणि तो बॉयलर बंद करायचा. लेकीकडे बसून खायचं नाही म्हणून आई रोज दोन तास गॅसपाशी उभी राहायची, आणि तेवढ्यात वर तिचीच खोली गार पडायची.

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. तिला सांगितलं असतं तर तिने भाकऱ्या बंद केल्या असत्या. मग इथे आपलं काही कामच नाही म्हणून बॅग भरली असती.

बॉयलर माळ्यावर आहे, आईच्या खोलीच्या बरोबर वर. शनिवारी तिथून नवी वायर खाली ओढली आणि थर्मोस्टॅट तिच्या पलंगाशेजारी बसवला. हॉलचा रेडिएटर हाताने कमी केला.

"हे काय लावलंस इथे?" आईने विचारलं.

"आता सगळं घर तुझ्या खोलीवर चालणार. तुला गार वाटलं की बॉयलर सुरू."

"आणि मी गेल्यावर?"

"परत काढून खाली न्यावा लागेल."

तिने भिंतीवरून हात फिरवला. "भोकं पाडलीस?"

"चार."

"मग राहू दे आता," आई म्हणाली. "सारखी काय काढघाल करायची."

आणि ती भाकऱ्या करायला खाली गेली. तिकिटाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मी तरी कशाला काढते!