भिवकुरे काकांची यंदाची पुस्तके

जो माणूस आयुष्यभर बारीकसारीक गोष्टींना भ्याला, त्याला दरवर्षी नेमकी धास्ती बसवणारीच पुस्तके का आवडावीत, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. मी शिक्षक होतो. प्रश्न फळ्यावर लिहिल्याशिवाय उत्तराकडे वळू नये, ही सवय अजून गेलेली नाही.

काका उंबरठ्यावर उभे राहून वाचत. एक पाय घरात, एक पाय बाहेर आणि पाठ दाराच्या चौकटीला. मुळगावला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते असेच उभे होते. उजेडासाठी उभे असतील असे समजून मी म्हणालो, "आत दिवा लावून बसा की."

"उजेडाचा न्हय, मास्तर. पुस्तकात काय झाला तर पळाक बरा."

ते हसले नाहीत. हसल्या त्या काकी, आतून. "आणि पळतले कसे? माका घरात सोडून!"

भित्र्या माणसाला आमच्याकडे भिवकुरो म्हणतात. गावातल्या मुलांनी त्या शब्दाला आदर जोडून 'भिवकुरे काका' केले, आणि काकांनी ते नाव आडनावासारखे स्वीकारले. त्यांचे वडील सिंधुदुर्गातून गोव्यात खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथेच राहिले. काका मात्र डिचोलीतल्या एका पुस्तक वितरकाच्या गोदामात लागले. बाहेरगावाहून आलेली पार्सले फोडायची, डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या वाचनालयांसाठी व शाळांसाठी पुस्तके वेगळी करायची, गठ्ठे बांधायचे आणि गोदामाच्या गाडीतून पोचवायचे, हे त्यांचे काम. गठ्ठा बांधण्यापूर्वी त्यातले एखादे पुस्तक ते मालकाला सांगून घरी नेत आणि कव्हर घालून वाचून परत आणत.

त्यांच्या भीतीचे नमुने सर्वांना ठाऊक होते. फोन वाजला की तो काकींच्या हातात देत, कारण वाईट बातमी आधी दुसऱ्याने ऐकलेली बरी. पेडण्याकडे जाताना चोपड्याच्या पुलावर गाडी चढली की डोळे मिटून घेत आणि ड्रायव्हरला विचारत, "झालो पूल?" ड्रायव्हर खट्याळ होता. तो नेमका मधोमध आल्यावर "झालो" म्हणे. काका डोळे उघडत, खाली शापोरा नदी दिसे आणि त्यांच्या तोंडून ओरड निघे. ही गोष्ट ड्रायव्हरने तालुकाभर सांगितली. काकांनी त्याच्यावर राग धरला नाही. "तेका गाडी चालवूची आसता," ते म्हणत. "तेणा डोळे मिटले नाय, ह्या काय कमी?"

आमच्या वाचनालयात डिसेंबरच्या अखेरच्या रविवारी एक साधी बैठक भरते. वर्षभरात वाचलेल्यांपैकी आवडलेल्या पुस्तकांविषयी सभासदांनी बोलायचे, नंतर चहा, आणि गोल पावाचे उंडे व भाजी. कार्यवाह या नात्याने मी भाषा, रचना, विचार अशा क्रमाने बोलत असे आणि लोक नम्रपणे ऐकत. मग काका उभे राहत. हातातले पुस्तक सुटत नसे.

"ह्या पुस्तकात एक म्हातारी आसा. तिका एकटी घरात ठेवन सगळी लग्नाक जातत. चूल पेटती आसा. फुडचा माका विचारू नका." एवढे सांगून ते खाली बसत.

"अरे पण शेवट काय?" कोणीतरी विचारी.

"शेवट तुमी बघा. माझा काम भियाचा."

चहाआधीच त्या पुस्तकासाठी नावे नोंदवली जात. मी ज्यांची रचना समजावून सांगितलेली असे, ती पुस्तके कपाटात शांतपणे उभी असत.

आता मूळ प्रश्नाकडे. माझा पहिला तर्क असा होता की काकांना भीतीची गोडी आहे. मुले जत्रेतल्या पाळण्यात किंचाळतात आणि पुन्हा पाळण्याकडेच धावतात, तशी. तर्क पडताळण्यासाठी मी त्यांना भुताच्या गोष्टींचे एक जाडजूड पुस्तक दिले. दुसऱ्याच दिवशी काका ते परत घेऊन आले.

"वाचता आले नाही का?" मी विचारले.

"वाचलंय मगे. जेवताना वाचलंय."

"आणि भीती?"

"भुताक कसलो भियाचा, मास्तर? तेचा जा व्हायचा ता होवन गेला. आता तेका कोण काय करतलो?"

पहिला तर्क तिथेच संपला. दुसरा तर्क सरावाचा. भित्रा माणूस पुस्तकात भिऊन घेतो म्हणजे बाहेर थोडा धीट होतो, असे मला वाटले. काका म्हणाले, "सरावान भंय कमी झाला असता तर मी आतापर्यंत वाघ झालो असतंय." आणि रस्त्यावरून खनिजाचा ट्रक आला म्हणून ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

त्यानंतर ते वर्ष आले. काकींच्या पोटात गाठ निघाली. पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. निकाल मिळायचा होता त्या दिवशी मी काकांबरोबर गेलो. लांबलचक बाकावर माणसे बसली होती. आतून परिचारिका नावे पुकारत होती. प्रत्येक नावाला काका उठून उभे राहत होते. ख्रिस्ती नाव असो, पुरुषाचे असो. मी त्यांना बसवी आणि ते पुन्हा उठत. त्यांच्या पिशवीत गोदामातून आणलेले पुस्तक होते, दोरीत बांधलेले, तसेच. काकी मात्र शेजारच्या बाईला तिच्या गावी तिरफळे मिळतात का, ते विचारत होत्या. शेवटी काकींचे नाव पुकारले गेले तेव्हा काका उठलेच नाहीत. काकींनीच त्यांचा दंड धरून त्यांना उठवले.

गाठ वाईट होती. शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधे सुरू झाली. काका आता उंबरठा सोडून खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचू लागले, कारण काकींच्या हातात पुस्तक ठरत नव्हते. एका दुपारी मी गेलो तेव्हा ते मधेच थांबले होते.

"वाचा फुडे," काकी म्हणाल्या.

"नको गो. तेचो पोरगो अजून घराक येवक नाय."

"म्हणानच वाचा."

"काय झाला आसला तर?"

काकी उशीवरून थोड्या वर सरकल्या. "शिरा पडो तुमच्या भियार! भियाचाच आसा तर त्या पोरासाठी भिया. माझ्याकडे बघान भियू नका. तुमचा तोंड बघितला की माका मराची आठवण येता."

काकांनी पुस्तकात डोके घातले आणि वाचू लागले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण तो त्या परक्या मुलासाठी थरथरत होता. काकींनी डोळे मिटले, आणि मला तरी त्या बऱ्याच दिवसांनी निर्धास्त दिसल्या.

त्या डिसेंबरच्या बैठकीला दोघेही आले. काकी मागच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधून बसल्या. काकांनी एकेक पुस्तक हातात घेऊन कुठे भ्यालो ते सांगितले. "हंयसर मी थांबलंय. पण धीर केलंय आणि फुडे वाचलंय."

"खोटा सांगतत!" मागून आवाज आला. "मी वाचा म्हटलंय, म्हणान वाचलानी."

सगळी बैठक हसली. काकाही हसले, आणि हसताना त्यांनी मागे वळून ज्या नजरेने पाहिले, ती नजर पाहून माझे हसू थांबले. मला वाटले, उत्तर सापडले. पुस्तक म्हणजे भीतीला बसायला दिलेली एक जागा. ती तिथे बसली की घरातल्या माणसाच्या छातीवर बसत नाही. हे उत्तर मी बरेच दिवस बरोबर समजत होतो.

शिमगा झाल्यावर काकी गेल्या.

त्यानंतर काका भ्यायचे थांबले. वाचकांनी याचा अर्थ ते धीट झाले असा घेऊ नये. धीट माणूस संकटाकडे पाहतो. काकांना ते दिसतच नव्हते. खाणीच्या रस्त्यावर मी त्यांना एकदा मधून चालताना पाहिले. मागून ट्रक आला, कर्णा वाजवत राहिला. काका ओळखीच्या माणसाला वाट द्यावी तसे सावकाश बाजूला झाले. ट्रकवाला शिव्या घालून गेला. रस्त्याच्या कडेला उडी मीच मारली. कुडाळला दिलेली त्यांची मुलगी रोज मला फोन करी. "मास्तर, बाबा बरे आसत मां? काल घरात साप इल्लो म्हणान सांगा होते. पण सांगितलानी कसा, तर जसो पदेर पाव देवन गेलो! माका लय भंय वाटता." मलाही वाटत होते. गोदामाच्या ड्रायव्हरने पुलावरची थट्टा सोडून दिली. म्हणाला, "आता डोळे उघडे ठेवन बसतत, मास्तर, आणि खाली पाण्याकडे बघत ऱ्हवतत. माकाच गाडी चालवूक भंय वाटता."

डिसेंबर आला. काका बैठकीला आले आणि पाळी आल्यावर उभेही राहिले. हात रिकामे होते.

"औंदा काय नाय," ते म्हणाले.

"वाचन झाले नाही का?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले.

"झाला तर. नेमीपरमान झाला. खुर्चेर बसान वाचलंय. लोक बुडतत, हरावतत, मरतत. मी पान परततंय." त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "माका कायच होईना, मास्तर."

मी वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ माणसे घाबरलेली पाहिली आहेत; पण न घाबरलेल्या माणसाची इतकी धास्ती मला पूर्वी कधी वाटली नव्हती. हा माणूस असाच एखाद्या दिवशी रस्त्यातून, नाहीतर पुलावरून, सहज निघून जाईल असे मनात आले. त्या दिवशी चहा घेताना आमच्यापैकी प्रत्येकजण काही ना काही निमित्त काढून त्यांच्याजवळ उभा राहिला.

पुढच्या वर्षी चतुर्थी होऊन गेल्यावर एका दुपारी ते माझ्याकडे आले. धापा टाकत होते. डाव्या हातात नवे पुस्तक, त्यात खूण म्हणून घातलेले बोट, आणि कपाळावर घाम.

"काय झाले, काका?"

"ह्या चेडू." त्यांनी पुस्तक पुढे केले. "आवशीक औषध हाडूक म्हणान व्हाळात उतारला. पाणी वाढता. कमरेभर झाला. फुडे वाचूक होईना."

मी पुस्तक घेतले आणि पान उलटण्यासाठी बोट लावले.

"परतू नका!" ते ओरडले. मग ओशाळून म्हणाले, "परता. नको. तुमी मनात वाचा, माका तोंडार काय दाखवू नका."

"मी वाचत नाही. तुम्हीच वाचा."

"बुडाला तर?"

"वाचा फुडे," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलू लागले, आणि मग घरापुढच्या बाल्कांवच्या बाकावर बसून ते, काकी गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने रडले. मी पाणी आणून ठेवले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, पुस्तक उघडले आणि वाचू लागले. प्रत्येक ओळीला त्यांचा आवाज अडखळत होता. मीही बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. त्या मुलीचे पुढे काय झाले ते मी सांगणार नाही. त्या डिसेंबरच्या बैठकीत काकांनीही सांगितले नाही.

त्यानंतर मुलीने त्यांना कुडाळला नेले. निघताना गाडीत बसल्यावर ते जावयाला विचारत होते, ब्रेक बघितलात, टायर बघितलात, वाटेत पाऊस लागणार नाही ना. चेहरा पांढराफटक पडला होता. तो पाहून मला किती बरे वाटले, हे मी कोणाला बोललो नाही.

आता उत्तर. काकांना धास्ती बसवणारी पुस्तके आवडत, कारण आपला जीव अजून कोणात तरी गुंतू शकतो हे त्यांना त्या पानांत कळत असे. भीती ही त्या गुंतण्याची खूण होती. काकी गेल्यावर ती खूण पुसली गेली, आणि कागदावरच्या एका अनोळखी मुलीने ती परत उमटवली. भुताची त्यांना कधीच भीती का वाटली नाही, तेही यातून उलगडते.

परंतु हे उत्तर मी एकाच माणसावरून काढले आहे, आणि वर्गात एका उदाहरणावर नियम बांधणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून विनंती एवढीच. यंदा तुम्हाला सर्वांत आवडलेले पुस्तक काढा, पुढचे पान उलटायला हात धजला नाही ती जागा शोधा, आणि त्या क्षणी तुम्ही कोणासाठी भ्याला होता, ते स्वतः तपासून पाहा.