बी खराब होतं म्हणे

टाकीकाकूंचा आवाज कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचायचा, आणि तो पोचावा अशीच त्यांची इच्छा असायची. पंप आणि हवेच्या नळांच्या गोंगाटात उभा जन्म काढलेल्या बाईनं कुजबुजायचं तरी कसं? कपडे धुण्याच्या पावडरीत पडणारं एन्झाइम त्यांच्या टाकीत तयार व्हायचं. खरं तर ते बनवायचे बॅक्टेरिया. काकू त्यांना सांभाळायच्या. ऑक्सिजन किती उरलाय, आंबटपणा किती चढलाय, फेस कुठवर आलाय, सगळ्या आकड्यांवर त्यांचा डोळा असायचा. घरी सासूबाई म्हणायच्या, "पोटच्या पोरांची कधी एवढी चौकशी केली नाहीस." काकू म्हणायच्या, "पोरं ओरडून मागतात. हे मुकाट्यानं गुदमरतात."

वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत त्यांची नणंद काम करायची. टाकीत घालायचं विरजण, ज्याला सगळे 'बी' म्हणत, ते ती चंबूत वाढवायची. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ही नोकरी म्हणजे तिचा जीव की प्राण. तोंडाला मास्क, मनगटापर्यंत हातमोजे, आणि बोलणं इतकं कमी की वहिनीच्या वाट्याचं मौनही हीच पाळते, असं लोक म्हणत.

आणि मग मालकांनी आपल्या जावयाला उत्पादनाचा प्रमुख करून आणलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आल्या आल्या त्यानं विचारलं, "साखर थेंबाथेंबानं का देताय? जास्त द्या, माल लवकर निघेल."

"साहेब, पोट भरलं की हे एन्झाइम बनवायचं सोडतात," काकू म्हणाल्या. "यांना भुकेलं ठेवावं लागतं. नाहीतर खायला काळ अन् भुईला भार."

जावई हसला. साखरेचा वेग त्यानं स्वतः वाढवला, आणि कुणी कमी करू नये म्हणून त्यावर पासवर्ड टाकून जेवायला गेला. पासवर्ड! अहो, घरातल्या चुलीला कुलूप लावून कुणी दूध उतू जाऊ देतं का? ऑक्सिजनचा आकडा घसरत गेला. काकूंनी हवा वाढवली, तसा फेस चढला. फेस मारायला तेल सोडलं, तसा ऑक्सिजन आणखी पडला. त्या फोन लावत राहिल्या, पलीकडे कुणी उचलेना. शेवटी फेस वरच्या पाइपातून हवेच्या गाळणीत घुसला, ती तुंबली आणि सगळी टाकी गटारात सोडावी लागली.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत जावई शांतपणे म्हणाला, "बी खराब होतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. काकूंनी सूक्ष्मदर्शकाखाली बी पाहिलेलं होतं, ते स्वच्छ होतं, हे त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. मालकांनी मान खाली घातली, आणि नणंदेला घरी बसायला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! रात्री नणंद भांडी घासत राहिली, घासलेलीच परत घासत राहिली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही भांडू नका. तुमचीही जाईल." हे ऐकून काकूंचा संताप दुप्पट झाला.

सकाळी टाकी धुऊन, वाफेनं निर्जंतुक करून तयार होती. गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत होते, म्हणून मालक जावयाला घेऊन स्वतः खाली उतरले.

"बी कुठलं घालायचं?" काकूंनी विचारलं.

"शीतपेटीत दुसरा चंबू आहे ना? मागच्याच खेपेचा जोड. तोच घाला. नवीन वाढवायला वेळ नाही," जावई म्हणाला.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला?

"म्हणजे तिच्या हातचंच बी. एकाच कुपीतून वाढलेलं," त्या म्हणाल्या. "काल खराब होतं, आज चालतं?"

जावई हवेच्या नळाकडे बघू लागला. मालक मध्ये पडले. "काकू, आत्ता वाद नको. टाकी गरम आहे तोवर—"

"टाकी केव्हाच थंड झालीय, मालक. गरम मी झालेय. जिचं बी तिनंच ओतायचं. नाहीतर आज हा व्हॉल्व्ह माझ्या हातानं उघडणार नाही."

मालकांनी फाटकावर फोन केला आणि घरी गाडी पाठवली. नणंद आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिनं हातमोजे चढवले, बाहेरचे जंतू शिरू नयेत म्हणून ज्योतीजवळ नळी जोडली आणि एक थेंबही न सांडता बी आत सोडलं. तिच्याकडे न बघताच जावई म्हणाला, "चला, झालं गेलं विसरून जाऊ."

"झालं कुठं? तिची माफी मागायची राहिलीय," काकू म्हणाल्या. नणंदेनं त्यांचा पदर ओढला, पण त्या हलल्या नाहीत. "आणि घाई नाही हं, साहेब. सुरुवातीला यांना वरून साखर लागत नाही. साखरेचा नळ मी दुपारी उघडणार आहे. तोवर वेळ आहे तुम्हाला."