ठुशी उतरवली तेव्हा

लग्नानंतर बारा वर्षं मी एका ठुशीची वाट पाहिली होती. आमचे मालक चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. ओव्हरटाइम करून त्यांनी पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधल्या. ती वस्ती तेव्हा नुकतीच भरत होती. मग लोखंडी कपाट आलं, शिलाई मशीन आलं, स्टीलच्या डब्यांची उतरंड आली. नवी वस्तू आली की आठ दिवस बरं वाटायचं आणि नवव्या दिवशी मन पुढच्या वस्तूला लागायचं. शेवटी ठुशी आली. पण सहा महिन्यांत ती गळ्याला काचायला लागली. मी सोनाराकडून दोनदा दोरा वाढवून घेतला. तिसऱ्या वेळी त्या म्हाताऱ्या सोनारानं ठुशी हातातच घेतली नाही. माझ्या गळ्याकडे बघत तो म्हणाला, "बाई, दागिना व्हता तेवढाच हाय. गळा वाढलाय तुमचा. डॉक्टरला दाखवा."

गळ्यात गाठ होती. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि आवाजाची नस गाठीला चिकटून जाते, आवाज जाऊही शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं. आपल्याला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कितीतरी वर्षांनी आठवलं. माझं माहेर गंगापूरकडचं, मेंढ्यांमागे फिरणारं. बिरोबाच्या देवळात वडील ओवी उचलायचे आणि मागे मी धरायचे. शहरात आल्यावर मी ते सोडलं. शेजारणी हसतील, ही मेंढरामागची बाई म्हणतील, याची लाज वाटायची. देवापुढे उभी राहायचे ती फक्त हवं ते मागायला. आता वाटलं, मी देवाला टाकलं म्हणून त्यानंच माझा गळा धरला. पुढे दुसरा विचार आला, तो अधिक वाईट होता. देव नसेलच, मग मी कुणावर रुसतेय?

सरकारी दवाखान्यात दाखल झाले तेव्हा शहर विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं तापलेलं होतं. आज मोर्चा, उद्या बंद. माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि तिची सून गयाबाई तिच्यापाशी बसून असायची. गयाबाई माझ्याच वयाची, बांधकामावर विटा वाहणारी. तिला भेटायला येणारी माणसं "जय भीम" म्हणत आत यायची. काही वर्षांपूर्वी गावात त्यांचं घर जाळलं होतं, नेसत्या कपड्यानिशी ते शहरात आले होते. हे तिनं एका दमात सांगितलं आणि सासूचे पाय चेपत राहिली. पहिल्याच दिवशी तिनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. माझ्या घशाला कोरड पडली होती, तरी मी म्हटलं, "नको, तहान नाही." तिनं पेला मागे घेतला आणि स्वतः पाणी प्याली. मी नको का म्हणाले, ते तिला कळलं होतं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनं अंगावरचं सगळं उतरवायला लावलं. ठुशी, मंगळसूत्र, जोडवी, सगळं पिशवीत घालून मालकांच्या हाती दिलं. ऑपरेशन नीट झालं. मालक रात्रभर व्हरांड्यात थांबले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोरींना बघायला गेले. ते गेले आणि शहर बंद झालं. बस नाही, रिक्षा नाही. वॉर्डातही निम्मीच माणसं पोचली होती.

दुपारी मला गळा जड वाटायला लागला. आधी वाटलं, पट्टी घट्ट आहे. मग श्वास आत जाईना. हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला. सिस्टर लांबच्या टोकाला होती, तिची माझ्याकडे पाठ होती. हात हलवायला गेले तर तो उचलेना. मला वाटलं, संपलं. मनात एकच शब्द आला, बिरोबा. त्या दिवशी त्या शब्दाला मागणं जोडलेलं नव्हतं. मला वाचव, असंही मी म्हटलं नाही. फक्त नाव घेतलं आणि अंग सोडून दिलं.

गयाबाई सासूला भात भरवत होती. तिनं मान वर केली, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि भाताची वाटी तिथंच टाकून पळाली. नंतर ऐकलं ते असं, की ती डॉक्टरांच्या खोलीत न विचारता शिरली आणि म्हणाली, "बाईचा गळा फुगलाय, ती काळी पडायली. चला." कुणीतरी तिला बाहेर थांबायला सांगितलं, तर ती दारातून हललीच नाही. डॉक्टर आले, खाटेवरच टाके मोकळे केले, आत साचलेलं रक्त बाहेर आलं आणि माझ्या छातीत श्वास शिरला.

शुद्धीवर आले तेव्हा गयाबाई उशाशी बसलेली होती. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायची परवानगी मिळाल्यावर मी तिच्या तांब्याकडे बोट केलं. तिनं पेला भरला, पण लगेच दिला नाही.

"त्या दिशी तहान नव्हती तुमाला," ती म्हणाली.

मी हात जोडले. तिनं माझी मान हातावर घेऊन घोट घोट पाणी पाजलं.

आवाज मात्र गेला होता. परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून रडले. तिसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा अंगावर दवाखान्याचे कपडे, पांघरायला गयाबाईची गोधडी, गळ्याला पट्टी. माझं म्हणावं असं जवळ काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात ओवी धरली, वडिलांच्या मागे धरायचे तशी. आणि पहाटे मेंढवाड्याचं फाटक उघडल्यावर मेंढरं जशी उसळून बाहेर पडतात, तसा आनंद माझ्या आतून उसळला. ठुशी गळ्यात पडली त्या दिवशीही असा आनंद झाला नव्हता. तो कुणी दिलेला नव्हता, म्हणून कुणी काढून नेईल अशी भीतीही नव्हती. मी तिथंच ठरवलं, आवाज येवो न येवो, हे आता सोडायचं नाही.

घरी आल्यावर जखमेचा व्रण झाकायला मोठा दागिना करू, असं मालक म्हणाले. मी पाटीवर लिहिलं, "नको. मला गंगापूरला जायचंय." दर रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी माहेरच्या देवळात जायला लागले. गाणाऱ्यांच्या ओळीत बसायचे आणि वाऱ्यासारख्या आवाजात मागे धरायचे. चुलतभाऊ एकदा म्हणाला, "आवाज नाय तर कशाला येतीस? लई हाल व्हतात तुझे." मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "देवाला ऐकू जातंय." आठ-नऊ महिन्यांनी आवाज आला, जाडाभरडा, मध्येच फाटणारा. तो आला तो दिवस मला नेमका सांगता येत नाही, कारण मी त्याची वाट बघायचं सोडलं होतं.

गयाबाईशी येणं-जाणं राहिलं. एकदा मी तिला म्हटलं, "गयाबाई, त्या दिवशी माझा देव तुझ्या पायानं धावला."

ती हसली नाही. म्हणाली, "ताई, तुमच्या देवाचं मला काय माहीत नाय. मी पळाले. माझे पाय व्हते ते."

मी त्यावर वाद घातला नाही. तिचं तिला खरं, आणि ते खरंच आहे.

पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा गयाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारी आली. गल्लीतल्या बायका दारांतून बघत होत्या. मी तिला आत नेऊन माझ्याशेजारी बसवलं आणि दार उघडंच ठेवलं. तिनं माझ्या तोंडात पेढा घातला. बोलता बोलता तिचे डोळे भरले. इतकी वर्षं तिनं मोर्च्यात पाय झिजवले होते, आणि घर जळाल्याचं सांगतानाही तिला मी रडताना पाहिलं नव्हतं.

आज कपाट, मशीन, भांडी सगळं आहे आणि मी ते वापरते. त्यांच्याकडून सुखाची अपेक्षा करत नाही, एवढंच. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, देव देईल ते, आणि ज्याच्या हातून देईल त्याच्या हातून घ्यायला तयार होणं, हे त्याहून अवघड आहे. मला ते शिकायला गळा कापून घ्यावा लागला. माझ्या बिरोबाचे उपकार, की त्यानं मला उशिरा का होईना, शिकवलं.